चार घमेली माती

राधाकिसन आपल्या सुनेशी दोन वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलू नये, ही त्याच्या बापाची रीत होती आणि आज्याचीही. ती रीत मेंढरांच्या मागं माळामाळानं चालत आली आणि कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, फाट्यावरून आत, खडकवस्तीवर येऊन टेकली. पुढं घोड्यावर बिऱ्हाड टाकून फिरणं बंद झालं, कळपाची दहा-बारा मेंढरं उरली, कापूस आला, थोडी मोसंबी आली, स्लॅबचं घर आलं. रीत होती तिथंच राहिली.

सुनेला काही सांगायचं असलं की तो बायकोला, आसराबाईला, सांगायचा. आसराबाई घरात नसली तर दावणीच्या शेळीला सांगायचा. "चष्मा कुठं ठिवला काय माहीत," असं तो शेळीला म्हणाला की थोड्या वेळानं चष्मा ओसरीच्या कठड्यावर येऊन बसायचा. शेळी या व्यवहाराला सरावली होती.

सून अर्पिता गणपतीच्या राजूरची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मुलगा गोरक्षनाथ वाळूजला कंपनीत होता, सुट्टीला घरी यायचा. सुपारी फुटली तेव्हा मुलीकडच्यांनी एकच अट घातली होती, की पोरीला पुढं पीएच.डी. करू द्यायची. राधाकिसनला त्यात अडचण दिसली नाही. शिक्षण म्हणजे पुस्तकं, आणि पुस्तकांना वैरण लागत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात ते शिक्षण सुरू झालं, आणि ते डबक्यात निघालं.

घराच्या खालच्या अंगाला, जिथं मेंढरं पाण्यावर जायची, तिथं ओढ्याकडेच्या सखल जागेत पाणी साचायचं. दरवर्षी साचायचं, दसऱ्या-दिवाळीनंतर आटायचं, आणि त्यात काही बघण्यासारखं आहे असं वस्तीवर कुणाला कधी वाटलं नव्हतं. अर्पिता पदर खोचून त्या डबक्याच्या काठी बसली आणि घरातल्या आमटीच्या पळ्यानं पाणी काढकाढून पांढऱ्या ताटलीत ओतू लागली. आसराबाईनं पहिल्या दिवशी पळ्याबद्दल तक्रार केली, दुसऱ्या दिवशी तिला वेगळा पळा घेऊन दिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः काठावर जाऊन बसली. संध्याकाळी नवऱ्याला तिनं वाढता वाढता बातमी दिली.

"ती म्हनती, मच्छराच्या अळीच्या पोटात जंत व्हतात."

राधाकिसननं घास खाली ठेवला. मेंढरांना जंत होतात हे त्याला ठाऊक होतं. गुरांना होतात, पोरांना होतात. मच्छराला होत असतील हे त्याच्या मनात आलं नव्हतं, कारण मच्छराला पोट असतं हेच मनात आलं नव्हतं.

"तिला इचार," तो म्हणाला, "आपन मेंढरायला पानी लागायच्या आधी जंताचं औषध पाजतो. ह्यायला पाजायचं का?"

अर्पिता चुलीपाशी, दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. तिनं सासूच्या कानाशी काही सांगितलं.

"न्हाई म्हनती," आसराबाई म्हणाली. "ह्यायला जगवायचं हाय."

मग हळूहळू, सासूच्या तोंडून, त्याला सगळं कळत गेलं. पाण्यात डासाची अळी वळवळत असते. तिच्यात हा जंत सुईच्या टोकाएवढाही नसताना भोक पाडून शिरतो. आत बसून तिला खातो आणि वाढतो, पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं असावं तसा दिसू लागतो. मोठा झाला की अळीला फाडून बाहेर येतो. अळी मरते, तिचा डास कधी होत नाही. जंत खाली चिखलात उतरतो, तिथं नर-मादी भेटतात, मादी अंडी घालते, आणि तोवर डबकं आटत येतं.

इथपर्यंत सगळं अर्पिताच्या आधी लोकांनी शोधून ठेवलेलं होतं. तिला बघायचं होतं ते पुढचं. आपल्याकडं पाणी गेलं की सहा-सात महिने गेलं. चिखलाला भेगा पडतात, भेगांत हात जातो, वरून वैशाखाचं ऊन. एवढ्यात ती अंडी काय करतात? आणि पाऊस आला, पुन्हा उघडला, पुन्हा आला, असं आपल्याकडं होतं तेव्हा त्यांना कसं कळतं की आता निघावं?

राधाकिसननं हे ऐकून घेतलं. त्याला तो प्रश्न वाईट वाटला नाही. मेंढरं घेऊन उन्हाळ्यात कुठं जायचं, याचा विचार त्याच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या झालेला होता. पण त्या विचाराबद्दल कुणी विद्यापीठाची पदवी देतं हे त्याला नवीन होतं.

डबकं आटायच्या बेतात आलं तेव्हा अर्पितानं तळाचा चिखल चार घमेल्यांत भरून घेतला आणि मेंढरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोपऱ्यात, ओळीनं मांडला. घमेल्यांवर गोणपाट टाकलं. मार्गशीर्षात तो चिखल फक्त माती होता, पौषात मातीला चिरा गेल्या. आणि शिमगा झाल्यावर तिला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर पीएच.डी.लाही मोडता येणार नव्हती.

प्रश्न आला घमेल्यांचा. गोरक्षनाथ म्हणाला, मी आठवड्याच्या आठवड्याला येतो, मला विसर पडेल. आसराबाईनं साफ नकार दिला. आयुष्यभर तिनं लिंबाचा पाला जाळून घरातले मच्छर हाकलले होते आणि आता त्यांच्या रोगराईची सेवा करायची तिची तयारी नव्हती. राहिला राधाकिसन. जायच्या दिवशी अर्पिता ओसरीच्या दाराआड उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "मामांना सांगा, घमेल्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत."

आसराबाईनं वळून हे सांगितलं. राधाकिसननं ऐकलेलंच होतं, तरी तो दोन्ही वेळा मान हलवून हो म्हणाला.

"आणि पाणी लागलंच तर?" असं त्यानं शेळीला विचारलं.

"तर जंत निघतात," अर्पिता दाराला म्हणाली. "निघाले की दोन-तीन दिवसांत त्यांना अळी मिळाली पाहिजे. नाहीतर मरतात."

माणूस जबाबदारी घेतो तेव्हा ती कशाची आहे हे पाहत नाही, निदान राधाकिसन पाहत नसे. चैत्रभर तो रोज सकाळी शेडमध्ये जाऊन गोणपाट उचलून बघायचा. चार घमेली वाळलेली माती. तो ती बघायचा, गोणपाट टाकायचा आणि घरी येऊन आसराबाईला सांगायचा, "बराबर हायेत." आसराबाई ते फोनवर राजूरला कळवायची. मेंढरं त्या कोपऱ्यात जाऊ नयेत म्हणून त्यानं बाभळीची फांदी आडवी टाकली. आयुष्यात त्यानं पुष्कळ जनावरं राखली होती. इतकी शांत जनावरं पहिल्यांदाच मिळाली होती.

एप्रिल सरत आला असताना एका दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी त्या भागाला अनोळखी नाही, पण त्या दिवशी आधी वावटळ आली, मग गारा आल्या. मोसंबीचा बहार झडला. राधाकिसन मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडं होता. तो पळत आला तेव्हा शेडचा एक पत्रा उचलला गेला होता आणि बरोबर त्या कोपऱ्यावर आभाळ मोकळं झालं होतं. दोन घमेली पत्र्याच्या आडोशाला राहून कोरडी होती. दोन काठोकाठ भरली होती. पाण्यावर गारा तरंगत होत्या.

त्यानं आधी मोसंबी बघायला जायला हवं होतं. तो घमेल्यांपाशी बसला. पाणी ओतून टाकावं तर त्यातून जंत जातील. ठेवावं तर जंत निघतील. काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून सुनेनं सांगितलेलं आठवलं तेवढं त्यानं धरलं. दोन-तीन दिवसांत अळी मिळाली पाहिजे.

एप्रिल महिन्यात, जालना जिल्ह्यात, डासाची अळी शोधायला एक म्हातारा माणूस निघाला.

डबकं कोरडं होतं. कालच्या पावसाचं पाणी जमिनीनं पिऊन टाकलं होतं, आणि ताज्या पाण्यात अळी कुठून असणार. मग त्याच्या ध्यानात आलं, कूलर. वस्तीवर पाच-सात घरांत कूलर होते आणि त्यांच्या टाकीतलं पाणी महिना-महिना कुणी बदलत नसे. आरोग्य खात्याची आशाताई बेबीनंदा याच गोष्टीवरून दर उन्हाळ्यात वस्तीशी भांडायची. बाई घरोघर फिरून टाक्या उघडायची, अळ्या दाखवायची, डेंग्यूची भीती घालायची, आणि तिची पाठ वळली की लोक झाकण लावून टाकायचे.

राधाकिसन पहिल्या घरी गेला आणि तुमच्या कूलरात अळ्या हायेत का, म्हणून त्यानं सरळ विचारलं. घरच्या बाईनं त्याच्याकडं बघितलं, मागं रस्त्याकडं बघितलं आणि आमच्याकडं बिलकुल न्हाईत म्हणून सांगितलं. दुसऱ्या घरीही नव्हत्या. तिसऱ्या घरचा पुंजाराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती, एकत्र मेंढरं चारलेली. राधाकिसननं त्याला म्हटलं, असल्या तर दे, मला लागतात. पुंजारामनं विचार केला, आणि म्हणाला, "मला ह्यात पाडू नको. आमचं पानी कालच बदललं." तो बोलत होता तेव्हा मागच्या दारानं त्याची सून बादली घेऊन चालली होती.

वस्ती लहान होती. राधाकिसन चौथ्या घरी पोचायच्या आत बातमी सातव्या घरी पोचली, की आरोग्य खात्यानं या खेपेला राधाकिसनला फोडलाय, तो गोडीगुलाबीनं अळ्या मागतो आणि हो म्हणालं की नोटीस येते. संध्याकाळपर्यंत खडकवस्तीवरचे सगळे कूलर रिकामे झाले. टाक्या घासल्या गेल्या. कुणीतरी रांजणसुद्धा उपडे घातले. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा तिच्या ठरलेल्या फेरीला आली तर तिला एकाही घरात अळी सापडली नाही. तिनं दोन-दोनदा बघितलं.

पावसाच्या तिसऱ्या दिवशी राधाकिसन घमेल्यांपाशी बसला होता. अर्पितानं शेडच्या खुंटीला एक भिंग अडकवून ठेवलं होतं. त्यानं ते पाण्यावर धरलं. पाण्यात केसाच्या तुकड्यासारखं काही हलत होतं. किंवा पाणीच हलत होतं. तो खूप वेळ बघत राहिला. गारपिटीत एका साली त्याची बरीच मेंढरं गेली होती, तेव्हाही तो असाच बसला होता, पण तेव्हा निदान काय गेलं ते दिसत होतं.

त्यानं उठून राजूरच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. गणपतीला तो म्हणाला, की सूनबाईचे जंत वाचव. मग देवाचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यानं पुढं जोडलं, मच्छराचे. वाचवलेस तर अंगारकीला जालन्याहून अनवाणी चालत येईन.

देवाला सांगून झालं, सुनेला सांगायचं राहिलं. आसराबाई पिंपळगावच्या बाजाराला गेलेली, तिचा फोन घरीच होता. दिवस भरत आलेल्या बाईला असलं काही सांगू नये हे त्याला कळत होतं. पण ती रोज विचारत होती आणि आसराबाई दोन दिवस तिला बराबर हायेत असंच सांगत होती. ते खोटं त्याच्या नावानं जात होतं. त्यानं फोन उचलला, फोटो बघून बटण दाबलं.

"मामी, बोला," अर्पिता म्हणाली.

"मी हाय."

पलीकडं बांगड्या वाजल्या. तिनं पदर डोक्यावर घेतला असावा.

"मामा? मामींना काही झालंय का?"

"ती बाजारला गेल्ती. अजून यायची हाय." मग त्यानं सांगून टाकलं. "दोन घमेले भिजले. पत्रा उडाला. पानी आल्तं मोठं."

"कधी?"

"आज तिसरा दिस. मी अळ्या लई हुडकल्या. गावात अळी न्हाई. होत्या त्या माझ्यामुळंच गेल्या." त्यानं कूलरांचं सगळं सांगितलं, काही न वगळता. पलीकडून आवाज आला तो त्याला रडण्यासारखा वाटला. थोड्या वेळानं त्याला कळलं की ती हसतेय आणि पोटाला हात लावून हसू आवरतेय.

"मामा, असू द्या," ती म्हणाली. "पाणी ओतू नका. तसंच आटू द्या. आटलं की पुन्हा गोणपाट टाका."

"आतले?"

"जे निघाले असतील ते मेले असतील आता."

राधाकिसन म्हणाला, "माझ्याच्यानं राखनं झालं न्हाई."

"अवकाळी कुणाच्या हातात आहे? आणि दोन कोरडी आहेत ना? दोन भिजलेली, दोन कोरडी. मला हे मुद्दाम करायचं सुचलं नसतं, आता झालंय तर बघू." तिनं बजावलं. "फेकू नका फक्त. मेलेली म्हणून फेकू नका."

"न्हाई फेकत."

बोलणं संपलं होतं, पण फोन कसा ठेवायचा हे दोघांनाही ठरवता येईना. सासऱ्यानं आधी ठेवावा की सुनेनं, याची रीत बापानं घालून दिलेली नव्हती. शेवटी राधाकिसननं विचारलं, "जेवली का?" ती हो म्हणाली, आणि त्यानं फोन आसराबाईच्या उशाखाली ठेवून दिला, चालूच.

मे महिन्यात अर्पिताला मुलगी झाली. राधाकिसन आणि आसराबाई राजूरला गेले. बाळंतिणीच्या खोलीत तो जाणार नव्हता. तो बाहेरच्या खोलीत बसला, आणि अर्पिताची आई मालनबाई नातीला दुपट्यात घेऊन बाहेर आली. त्यानं पोर मांडीवर घेतली. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मामा, ती दोन आटली का?"

मालनबाईला वाटलं पोरीला ताप चढला. "काय आटलं, गं?" असं तिनं घाबरून विचारलं. राधाकिसन पोरीकडं बघत म्हणाला, "आटली. चिरा पडल्या पुन्हा." विहीणबाईला हे कुणी समजावून सांगितलं नाही, आणि पुढं बराच काळ तिच्या मनात राहिलं की जावयाच्या घरची विहीर आटली आहे आणि आपल्यापासून लपवताहेत.

पाऊस लागला. ओढ्याकडेचं डबकं भरलं, त्यावर काजळाच्या कणांसारख्या डासांच्या एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांच्या होड्या दिसू लागल्या. अर्पिताला अजून दोन-अडीच महिने यायचं नव्हतं, पण काम थांबवता येणार नव्हतं. फोनवरून तिनं सांगावं आणि राधाकिसननं करावं, असं ठरलं. त्यानं चमच्यानं अंड्यांच्या होड्या उचलून जुन्या रांजणात सोडल्या, वर मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि चिमूट-चिमूट ज्वारीचं पीठ टाकून अळ्या वाढवल्या. त्या घरात आसराबाईनं दळण मच्छरांनी संपवल्याची तक्रार प्रथमच केली.

त्या सुमाराला बेबीनंदा आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या बाटलीत गप्पी मासे होते. गप्पी मासा अळ्या खातो, म्हणून सरकार ते वाटतं. तिनं रांजणावरचं कापड उचललं आणि तिथंच उभी राहिली.

"तात्या, ह्याच्यात अळ्या हायेत."

"हायेत," राधाकिसन म्हणाला. "मी पाळल्यात."

तिनं बाटलीचं झाकण काढायला घेतलं. राधाकिसन रांजणाच्या आडवा झाला. बेबीनंदा आपल्या कामात कुणाची भीड ठेवणारी नव्हती. ती नोटिशीचं बोलली, डेंग्यूचं बोलली, तान्ही नात घरी यायची आहे याची आठवण दिली. राधाकिसनला त्यातलं एकही खोडता येईना. ती म्हणाली ते बरोबरच होतं. त्यानं तेच म्हटलं, की तुमचं बराबर हाय, पण ह्यायला जंत लावायचे हायेत, जंत लागल्यावर त्या मरतीलच.

बेबीनंदा ओसरीवर बसली. उन्हाळ्यात तात्या घरोघर अळ्या मागत फिरले तेव्हा आपल्यालाच मदत करत होते असं ती समजली होती, आणि त्या महिन्यात दवाखान्यातल्या बैठकीत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कौतुकानं खडकवस्तीचं नाव घेतलं होतं. कशामुळं, हे तिला आत्ता कळत होतं. उठून तिनं रांजणाच्या गळ्याला सुतळीचा दुसरा वेढा दिला, गाठ स्वतः मारली, आणि बजावलं की एक जरी मच्छर कापडाबाहेर दिसला तर सगळे मासे यात सोडीन. तेव्हापासून ती दिवसाआड गाठ बघायला यायची.

चारही घमेल्यांत पाणी घातलं. राधाकिसनच्या मतानं भिजलेल्या दोन घमेल्यांत अळ्या सोडणं म्हणजे चांगल्या अळ्या वाया घालवणं होतं. ती माती मेलेली होती, त्यानं तिच्यावर उन्हाळाभर गोणपाट टाकलं ते सुनेनं फेकू नका म्हटलं म्हणून. पण अर्पितानं चारही घमेल्यांत सारख्याच सोडायला सांगितल्या, म्हणून त्यानं सोडल्या.

आठवड्याच्या आत त्यानं अळ्या काढून पांढऱ्या ताटलीत घेतल्या आणि व्हिडिओ कॉल लावला. फोन आसराबाईनं धरला होता. तिनं तो असा धरला की अर्पिताला बहुतेक वेळ सासऱ्याचा कान दिसत होता. कोरड्या घमेल्यांतल्या अळ्यांत बघायला भिंगही लागलं नाही. अळीमागं अळी, छातीत पांढरं वेटोळं. अर्पिता राजूरला पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, ती नुसती हं, हं करत होती.

मग त्यानं तिसऱ्या घमेल्यातला पळा ताटलीत ओतला. अळ्या वळवळल्या. एक मोकळी, दुसरी मोकळी. पुढच्या अळीवर त्यानं भिंग धरलं आणि तो आणखी खाली वाकला.

"काय आहे, मामा?"

"तू बघ," तो म्हणाला, आणि आसराबाईचा हात धरून त्यानं फोन ताटलीवर आणला.

सगळ्यांत नव्हते, कोरड्यांपेक्षा पुष्कळ कमी, पण होते. चौथ्या घमेल्यातही होते. एप्रिलच्या पाण्यानं सगळे उठले नव्हते. काही आत तसेच पडून राहिले होते, पुन्हा सुकले होते, उन्हातान्हात दोन महिने राहिले होते, आणि आता निघाले होते.

अर्पितानं त्याला सांगितलं, की असं होतं हे परदेशातल्या डबक्यांत लोकांनी बघितलेलं आहे, आपल्या मातीत आपण बघितलं. पहिल्या पाण्याला सगळे निघाले आणि पाऊस उघडला तर वंशच बुडेल. म्हणून थोडे मागं राहतात.

राधाकिसननं ते मनात घोळवलं. "कोनी निघायचं अन् कोनी राह्यचं, हे त्यायच्यात कोन ठरवतं?"

"ते माहीत नाही."

"मंग तुला तिथं मोठ्या लोकायनं इचारलं तर?"

"माहीत नाही म्हणून सांगीन."

एवढं शिकून माहीत नाही असं सांगता येतं, हे त्याला फार पसंत पडलं. त्यानं ते पुंजारामला जाऊन सांगितलं.

नवस फेडायचा राहिला होता. अंगारकीला तो जालन्याहून रात्रीच्या गर्दीबरोबर अनवाणी निघाला आणि सकाळी पाय सुजवून राजूरला पोचला. रांगेत पुढच्या-मागच्या लोकांनी चौकशी केली. नवस कशाचा? घरात सून बाळंतीण झाली का? झाली. नातू? नात. लोकांनी मान हलवली. एकानं समजूत घातली, की तात्या, नाराज होऊ नका, तरी तुम्ही आलात हे देव बघतो. दुसऱ्यानं सांगितलं की पुढच्या वेळी नक्की. राधाकिसननं दोघांना हो म्हटलं. रांग लांब होती आणि सांगायचं म्हटलं तर डबक्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दर्शन करून तो विहीणबाईच्या घरी गेला तेव्हा तिथं वेगळंच शिजलेलं होतं. मालनबाईला कुणीतरी येऊन सांगितलं होतं की तुमच्या पोरीचा सासरा नातवासाठी अनवाणी चालत आलाय. तिनं त्याला पाणी दिलं, पण तांब्या जरा आपटून ठेवला. मग खांबाआडून म्हणाली, की पोरगी झाली तर झाली, तिचं काय वाईट आहे, आणि पोरीसमोर तरी असं दाखवायला नको होतं.

राधाकिसननं इकडंतिकडं बघितलं. शेळी नव्हती. आतल्या दारात अर्पिता पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "नवस पोरीसाठी नव्हता. त्या दोन घमेल्यायसाठी व्हता."

अर्पितानं ते ऐकलं. ती आत गेली, पोरीला पाळण्यात ठेवलं, कोमट पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि सासऱ्याच्या पायांपुढं ठेवलं. "पाय बुडवा, मामा," ती म्हणाली, आणि तिथंच बसली. मालनबाईला मग लेकीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, विहीर आटलेली नाही हेही. मालनबाईनं विचारलं ते एवढंच, की गणपतीला हे कळलं कसं. राधाकिसन म्हणाला, मी खुलासा करून सांगितलं होतं.

त्यानंतर अर्पिता पोरीला घेऊन घरी आली. सासरा आणि सून आता जंतांबद्दल थेट बोलत. बाकी चहा, चष्मा, भाकरी हे अजून शेळीमार्फत चालायचं, कारण त्यांत रीत मोडायची गरज पडलेली नव्हती. आसराबाईला हे विचित्र वाटलं, मग सोयीचं वाटलं.

हिवाळ्यात विद्यापीठातून अर्पिताचे मार्गदर्शक राजानंद सर येऊन घमेली बघून गेले. एकाच डबक्यावरून काही म्हणता येत नाही, दुसऱ्या जागची मातीही लागेल, असं त्यांनी सांगितलं. राधाकिसनला आठवलं की वडीगोद्रीला बहिणीच्या, सोनूबाईच्या, शेताजवळ रस्त्यासाठी मुरूम काढलेला मोठा खड्डा आहे, त्यात पावसाळाभर पाणी असतं. अर्पिताला पोर सोडून जाता येत नव्हतं. त्यानं रिकामं पोतं घडी करून बगलेत घेतलं आणि पिंपळगावच्या स्टँडवर येऊन बसला.

तिथं त्याला वसंता भेटला, लांबच्या नात्यातला. त्यानं विचारलं, कुठं निघाले.

"वडीगोद्रीला. मातीला."

वसंताचा चेहरा उतरला. तो शेजारी टेकला, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "सोनूबाईच्या घरचं कोन गेलं?"

"कोनी न्हाई. माती आनायला चाललो."

वसंतानं पोत्याकडं बघितलं. टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आपल्याकडं काय कमी हाय मातीला? तिथली चांगली हाय का?"

"सांगता येत न्हाई," राधाकिसन म्हणाला. "सूनबाई भिजवून बघंल तव्हा कळंल."

गाडी लागली. वसंताला दुसरीकडं जायचं होतं, तरी तो दारापर्यंत आला, आणि राधाकिसन आत चढल्यावर त्यानं खालून विचारलं, की परत येताना पोतं भरलेलं असंल, उतरवायला कुणी पाठवू का. राधाकिसन म्हणाला, गोरक्षनाथ येणार आहे, पण तू आलास तर बरंच होईल, ओली माती जड असते.